भाकरी सोपी, दूध अवघड
नाशिक जिल्ह्यातून दिसणारी व्हीगन जीवनपद्धती

प्राण्यांपासून मिळणारी कोणतीही वस्तू शक्य तिथवर न खाणे आणि न वापरणे, ही व्हीगन जीवनपद्धतीची अट आहे. मांस, मासे, अंडी यांच्यासोबत दूध, दही, लोणी, तूप आणि मधही त्यात वर्ज्य ठरतात. ताटाबाहेर रेशीम, लोकर, चामडे आणि प्राण्यांवर चाचणी केलेली प्रसाधने सुटतात. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी ‘व्हीगन सोसायटी’ स्थापन केली. शाकाहारी मंडळी दूध-अंड्यांचा प्रश्न टाळतात, ही त्यांची तक्रार होती. १ नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिन त्या स्थापनेच्या स्मरणार्थ पाळला जातो आणि बहुतेक वर्षी तो दिवाळीच्या आगेमागेच येतो.

भारतीयांपर्यंत हा विचार नावाशिवाय आधीच पोहोचला होता. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर हर्मन कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. कलकत्त्यातील गवळी गाईंकडून शेवटचा थेंब काढण्यासाठी जे क्रूर प्रकार करीत, त्यांचे वर्णन वाचल्याचा त्या निर्णयात वाटा होता. पुढे गंभीर आजारपणानंतर १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत त्यांनी शेळीचे दूध घेतले. प्रतिज्ञा करताना गाय आणि म्हैसच डोळ्यांपुढे होती, असा युक्तिवाद कस्तुरबांनी मांडला आणि तो मान्य झाला. आपण प्रतिज्ञेचा शब्द पाळला पण तिचा आत्मा गमावला, ही खंत मात्र गांधीजींना शेवटपर्यंत राहिली. महाराष्ट्रात या विषयावर सातत्याने काम केले ते पुण्याच्या ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ने. १९७४ मध्ये डायना रत्नागर यांनी सुरू केलेल्या या संस्थेने रेशीम, चांदीचा वर्ख, चामडे यांमागची प्रक्रिया लोकांपुढे मांडली. पाकिटावरच्या हिरव्या आणि तपकिरी ठिपक्यांसाठीही तिने पाठपुरावा केला. हिरवा ठिपका व्हीगन माणसाच्या फारसा उपयोगाचा नाही, कारण दुधाची पावडर घातलेल्या बिस्किटावरही तो असतोच. ही अडचण अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२ च्या व्हीगन अन्नपदार्थ नियमांनी दूर केली आणि अशा पदार्थांसाठी हिरव्या रंगातले वेगळे चिन्ह ठरले.

नाशिक जिल्ह्यात या जीवनपद्धतीचा विचार करताना पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की ताट बदलायला फारसे काही नाही. इगतपुरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पश्चिमेकडच्या पावसाळी तालुक्यांत नागलीची भाकरी, भात, उडीद, रानभाज्या आणि खुरासणीची चटणी हे रोजचे जेवण आहे. पूर्वेकडे येवला, नांदगाव, मालेगाव, सिन्नर या कोरड्या पट्ट्यात बाजरीची भाकरी, मठ, हुलगे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. यात प्राणिजन्य काही नाही आणि पोषणातही ते उणे नाही. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२० मिलिग्रॅम. तिळात तर हजार मिलिग्रॅमहून अधिक. धान्यातले सगळे कॅल्शियम शरीराला मिळत नाही हे खरे असले, तरी ‘दूध नाही तर हाडे कशी होणार’ ही भीती नागलीच्या प्रदेशात तरी अनाठायी आहे.

नाशिकची ओळख झालेली मिसळही मुळात मोडाची मटकी, काळा मसाला आणि तेलाची तर्री आहे. दह्याची वाटी आणि ताक शेजारी येते ते बाजूला ठेवले, की मिसळ व्हीगन होते. गिऱ्हाइकाने तसे सांगितले तर हॉटेलवाल्याला काही वेगळे करावे लागत नाही.

खरी अडचण चहाशी येते. जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत दुधाचा मोठा वाटा चहात जातो आणि पाहुण्याला दुधाचा चहा न देणे हा जवळजवळ अपमान मानला जातो. दूध संपले की कोरा चहा करण्याची पद्धत खेड्यापाड्यांत आहेच, पण तो नाइलाजाचा चहा समजला जातो. सोयाबीनचे किंवा बदामाचे दूध घातलेला चहा अनेकांना रुचत नाही. फुटतो, वासही वेगळा येतो. व्हीगन व्हायचे ठरवून आठवड्यात परत फिरणाऱ्यांना मटणापेक्षा चहाच परत आणतो, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

त्यापुढचा टप्पा सणांचा आणि पूजेचा. पंचामृताच्या दूध, दही, तूप, मध आणि साखर या पाच घटकांपैकी चार प्राणिजन्य आहेत. त्र्यंबकेश्वरच्या अभिषेकापासून २०२७ च्या सिंहस्थातल्या अन्नछत्रांपर्यंत तूप आणि दूध यांना पर्याय शोधणे सोपे नाही. दिवाळीच्या फराळात मात्र चिवडा, शेव, चकली, कडबोळी तेलातलीच असतात; अडते ते बेसनाच्या लाडवापाशी आणि करंजीतल्या मोहनापाशी. विशेष म्हणजे दिवाळी ज्या वसुबारसेने सुरू होते, त्या दिवशी अनेक घरांत बायका दूध, दही, तूप खात नाहीत. बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी हा त्या दिवसाचा बेत. गाय-वासराच्या पूजेच्या दिवशी दुधावरचा हक्क वासराचा, ही कल्पना परंपरेत एका दिवसापुरती का होईना आहे. व्हीगन विचार तीच कल्पना वर्षभर ताणतो.

गाईला या भागात किती जुने मोल आहे, याचा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या लेखात तीन लाख गाई दान केल्याची नोंद आहे. त्याच लेखात ३२ हजार नारळाच्या झाडांचेही दान आहे, ही गोष्ट नारळाच्या दुधाच्या समर्थकांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

मांस सोडण्याचे कारण सांगावे लागत नाही, दूध सोडण्याचे सांगावे लागते. गाय किंवा म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि ते टिकवायचे तर तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवावे लागते. गाईचा गर्भकाळ नऊ महिन्यांचा, म्हशीचा दहा महिन्यांहून थोडा अधिक. प्रत्येक वेतात जन्मणाऱ्या वासरांपैकी साधारण निम्मी नर असतात. कालवड वाढवली जाते, कारण ती उद्याची गाय. गोऱ्ह्याचे काय करायचे, हा प्रश्न पूर्वी नव्हता. नांगर, मोट आणि बैलगाडी यांना बैल लागत. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात आज छोटे ट्रॅक्टर फिरतात आणि होल्स्टीन किंवा जर्सी संकराचा गोऱ्हा उन्हात ओढकामाला फारसा चालतही नाही. तो जन्मल्यापासून खर्चाचा असतो. त्याच्या तोंडचे दूध विकले तर पैसा होतो, त्याला पाजले तर होत नाही. मग तो हळूहळू रोडावतो, रस्त्यावर सोडला जातो किंवा रात्रीच्या वाहनात कुठेतरी जातो. म्हशीच्या रेड्याची गत याहून वाईट, पण त्याच्याविषयी कोणी बोलत नाही.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत हा बदल स्वच्छ दिसतो. देशातील गोवंशात माद्यांची संख्या २०१२ च्या तुलनेत १८ टक्क्यांनी वाढून १४ कोटी ५१ लाखांवर गेली. एकूण गोवंश मात्र जेमतेम वाढला, १९ कोटी २५ लाखांपर्यंत. म्हणजे नर सुमारे ६ कोटी ७९ लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर आले. एवढे बैल आणि गोऱ्हे सात वर्षांत कमी झाले, ते ट्रॅक्टरने आणि दुधाच्या गणिताने. महाराष्ट्रात याच काळात एकूण गोवंश सुमारे १० टक्क्यांनी घटला.

राज्याचा कायदा या गणितात मधोमध उभा आहे. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्याने गाईची कत्तल बंद केली आणि मार्च २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्याखाली आणले. या दुरुस्तीखालचा पहिला गुन्हा नाशिक जिल्ह्यातच, मालेगावात नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेले गोमांस जवळ बाळगण्यावरची बंदी रद्द केली. कायद्याने कत्तल थांबवली. भाकड गाय आणि बिनकामाचा बैल यांचा रोजचा चारा कोणी घालायचा, हे ठरवले नाही. शेतकऱ्याच्या दावणीला जागा संपते तेव्हा जनावर पांजरपोळात जाते किंवा मोकाट होते. नाशिकच्या पंचवटीत एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली पांजरपोळ संस्था आहे. चुंचाळे परिसरातली तिची झाडीने भरलेली विस्तीर्ण जमीन उद्योगांना देण्याच्या हालचालींना २०२३ मध्ये शहरातल्या पर्यावरणप्रेमींनी कडाडून विरोध केला, तेव्हा अनेक नाशिककरांना ही जागा पहिल्यांदा कळली. दुधाच्या प्रत्येक पिशवीमागे असे एखादे म्हातारे जनावर कुठेतरी उभे असते आणि त्याचा खर्च पिशवीवरच्या किमतीत धरलेला नसतो. व्हीगन भूमिकेतला सर्वांत जड मुद्दा हाच आहे आणि त्याला दुग्धव्यवसायाकडे आजवर नीट उत्तर नाही. लिंगनिर्धारित रेतमात्रांमुळे दहापैकी नऊच्या आसपास कालवडी जन्मतात, हा उपाय सध्या पुढे केला जातो. त्याने गोऱ्ह्यांचा प्रश्न हलका होईल, भाकड गाईंचा होणार नाही.

दुसऱ्या बाजूचे वजनही तेवढेच खरे आहे. भारत जगात सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश आहे. २०२३-२४ मध्ये ते सुमारे २३ कोटी ९३ लाख टन होते. या दुधाचा मोठा भाग दोन-चार जनावरांच्या गोठ्यांतून येतो. सिन्नर किंवा येवल्याच्या कोरडवाहू घरात दर दहा दिवसांनी हाती पडणारा दुधाचा पगार हा एकमेव नियमित पैसा असतो. कांद्याचे उदाहरण पुरेसे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि लासलगावच्या बाजारातले भाव कोसळले. ती मे २०२४ मध्ये उठेपर्यंत किराणा आणि शाळेची फी भागली ती दुधावर. त्याच हिवाळ्यात दुधाचे दरही पडले होते आणि जानेवारी २०२४ पासून राज्याला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले. म्हणजे दूध हा फार भक्कम आधार आहे असेही नाही, पण या घरांकडे दुसरा नाही. शहरातल्या माणसाने दूध सोडले तर त्याचा परिणाम सर्वांत आधी कोणावर होईल, हे व्हीगन प्रचारात क्वचितच बोलले जाते.

पर्यावरणाच्या बाजूने जागतिक आकडे व्हीगन आहाराच्या पारड्यात स्पष्टपणे पडतात. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ११९ देशांतल्या सुमारे ३८ हजार ७०० शेतांची माहिती एकत्र मांडली. एक लिटर गाईच्या दुधामागे सरासरी ३.२ किलो कार्बन डायऑक्साइडएवढे उत्सर्जन, तर सोयाच्या दुधामागे साधारण १ किलो. जगाने प्राणिजन्य अन्न सोडले तर शेतीखालची जमीन ७६ टक्क्यांनी कमी लागेल, असा त्यांचा हिशेब. भारताच्या शेतीक्षेत्रातील हरितगृह वायूंपैकी निम्म्याहून अधिक वाटा जनावरांच्या रवंथातून सुटणाऱ्या मिथेनचा आहे. मिथेन हवेत दहा-बारा वर्षेच टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो.

हे आकडे नाशिकला लावताना थोडे थांबावे लागते. पूर आणि नेमेचेक यांची सरासरी जगभरची आहे, तर येथील जनावर बाजरीचा सरमाड, ज्वारीचा कडबा, गव्हाचा भुसा, सरकी पेंड आणि भुईमुगाचा पाला खाते. माणसाने न खाल्लेले खाऊन ते दूध आणि शेण देते. त्याच वेळी भारतातील जनावर दूध कमी देत असल्याने लिटरमागचे उत्सर्जन युरोपपेक्षा जास्त निघते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणूनच दुधाला ‘हिरवे’ किंवा ‘काळे’ असे एकच लेबल लावता येत नाही.

घाटमाथ्यावरची डांगी गाय याचे चांगले उदाहरण आहे. इगतपुरी, त्र्यंबक, अकोले या पट्ट्यात ही जात तयार झाली. धो धो पावसात तेलकट कातडीमुळे ती टिकते आणि भाताच्या चिखलात बैल काम करतो. घोटीच्या बाजारात डांगी बैलाला आजही गिऱ्हाईक आहे. दूध थोडेच, लिटरच्या हिशेबात ही गाय ‘अकार्यक्षम’ ठरते. पण ती डोंगरावर चरते, तिच्यासाठी कोणी बागायती चारा लावत नाही. उलट निफाड किंवा सिन्नरच्या संकरित गाईंच्या गोठ्यासाठी घास, हत्तीगवत आणि मका पाण्यावर पिकवला जातो आणि मक्याचा मुरघास खड्ड्यांत दाबला जातो. या पाण्यावर भांडण आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यामुळे गोदावरीवरच्या जायकवाडी धरणात ऑक्टोबरच्या मध्याला साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते आणि गंगापूर-दारणाच्या लाभक्षेत्रात मोर्चे निघतात. चाऱ्याला पाणी देऊन दूध मुंबईला पाठवणे म्हणजे गोदावरीचे पाणी मुंबईला पाठवणे. पर्यावरणासाठी दूध कमी करायचे असेल तर आधी हे दूध कमी करावे, डांगीचे नव्हे.

व्हीगन ताटातल्या भाज्या-फळांचाही हिशेब तपासावा लागतो. नाशिकची द्राक्षे, डाळिंबे, कांदा हे सगळे वनस्पतिजन्य, पण त्यांची मुळे शेणखतात आणि कोंबडीखतात आहेत. छाटणीआधी बागेत टाकलेल्या खताच्या ट्रॉल्या कुठल्या तरी गोठ्यातून आणि पोल्ट्रीतून येतात. जनावरे वजा केली तर हिरवळीचे खत, कंपोस्ट आणि रासायनिक खत उरते; युरिया कारखान्यात नैसर्गिक वायूपासून बनतो. मधमाशांचे तसेच. कांद्याच्या बियाण्याचे डोंगळे फुलतात तेव्हा आणि डाळिंबाच्या बहरात शेतकरी मधपेट्या भाड्याने आणून ठेवतात. मध न खाणाऱ्याच्या ताटातला कांदाही त्या पेट्यांच्या कष्टावर आला असण्याची शक्यता असते. वाइनची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: गढूळपणा काढण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातील केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरण्याची जुनी पद्धत आहे. बेंटोनाइट मातीने तेच काम होते. बाटली द्राक्षाची असली तरी विचारून घ्यावी लागते.

ताटाबाहेर नाशिक जिल्ह्यापुढे सर्वांत मोठा प्रश्न येवल्याचा आहे. पैठणी रेशमाची आणि रेशीम म्हणजे उकळलेले कोश. रेशीमकिडा कोशातून स्वतः बाहेर पडला तर धागा तुटतो, म्हणून आतल्या जिवंत कोषावस्थेसह कोश वाफवतात किंवा उन्हात, भट्टीत मारतात. एका कोशातून शेकडो मीटर अखंड धागा निघतो. एक किलो कच्च्या रेशमाला सहा-सात किलो ताजे कोश, म्हणजे हजारो किडे लागतात. कीटकाला वेदना किती होतात यावर विज्ञानात अजून एकमत झालेले नाही, पण संख्या पाहिली की प्रश्न टाळता येत नाही. किडा बाहेर पडल्यावर काढलेले अहिंसा रेशीम मिळते, पण त्याचा धागा तुकड्यांचा, सुताप्रमाणे कातावा लागणारा. मोराच्या पदराला लागणारी सफाई त्यात येत नाही. पॉलिएस्टरची पैठणी येवल्यातच स्वस्त मिळते, पण ती खनिज तेलापासून बनते आणि शेकडो वर्षे कुजत नाही. चामड्याऐवजी रेक्झिन घेण्यातही हेच. त्यातल्या त्यात सुती पैठणी हा सुसंगत मार्ग दिसतो, विणकराच्या मागालाही काम राहते. लग्नाच्या बस्त्यात मात्र तिला कोणी हात लावणार नाही, हेही तितकेच खरे.

याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा केली, याची आठवण येथे विषयाला धरूनच आहे. महाराष्ट्रात अन्नाच्या शुद्धतेचा प्रश्न जातीपासून कधी वेगळा नव्हता. गाय मेल्यावर ती ओढून नेणारे, कातडे सोलणारे हात एका समाजाचे आणि तिचे तूप खाणारी तोंडे दुसऱ्याची, अशी वाटणी शतकानुशतके होती. शाकाहाराचा अभिमान या वाटणीवर उभा राहिला. व्हीगन विचाराचा पाया वेगळा आहे. त्यात खाणाऱ्याची शुद्धता नव्हे, प्राण्याचे दुःख महत्त्वाचे. त्या कसोटीवर तुपाचा लाडू आणि मटणाचा रस्सा यांच्यात पावित्र्याचा फरक उरत नाही, हे ‘शुद्ध शाकाहारी’ पाटी लावणाऱ्यांना रुचत नाही. गोरक्षणाच्या राजकारणाशीही या विचाराचा संबंध जोडणे चूक आहे. जून २०२३ मध्ये इगतपुरी-घोटी परिसरात जनावरे किंवा मांस नेत असल्याच्या संशयावरून झालेल्या दोन घटनांत दोन माणसांचा जीव गेला. प्राण्यावरची हिंसा नाकारणारी भूमिका माणसावरच्या हिंसेपुढे गप्प राहू शकत नाही.

आरोग्याच्या बाबतीत एक गोष्ट तडजोडीशिवाय सांगायला हवी. जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतींत भरवशाने मिळत नाही. मोड आलेले कडधान्य, आंबवलेले पीठ, शेवाळ यांतून ते मिळते हा समज खोटा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी ते रोज २.२ मायक्रोग्रॅम धरले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातील पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले आणि ही पाहणी व्हीगन माणसांची नव्हती. म्हणजे ही कमतरता आधीपासून येथे आहे. दूध सोडल्यावर ती वाढणारच. तिची लक्षणे हळू येतात: थकवा, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा. उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. बाकीचे सांभाळता येते: कॅल्शियमला नागली आणि तीळ, लोहासाठी हिरव्या भाज्या व कडधान्यांवर लिंबू, ओमेगा-३ साठी जवसाची चटणी, आयोडीनसाठी आयोडीनयुक्त मीठ. बी-१२ ची गोळी मात्र रोज किंवा डॉक्टरांनी सांगितल्या अंतराने घ्यावीच लागते. ती स्वस्त आहे आणि कोणत्याही औषध दुकानात मिळते. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बाया आणि लहान मुले यांनी रक्ततपासणी आणि वैद्यकीय सल्ल्याशिवाय दूध सोडू नये.